कोळसा खाणीच्या परमिटसाठी वन्यजीव बेसलाइन: एक सीझन पुरतो का?

रानवाटसरू
नमस्कार मंडळी. एमएससी इकॉलॉजी करून नुकताच एका कन्सल्टन्सीत लागलोय आणि पहिलंच काम आलंय ओपनकास्ट (वरून उघडी खोदलेली) कोळसा खाणीच्या वन्यजीव बेसलाइनचं, म्हणजे खाण सुरू व्हायच्या आधी तिथे कुठले प्राणी-पक्षी आहेत याच्या नोंदीचं. मला वाटलेलं वर्षभर फिरायचं असेल, पण सिनियर म्हणतात एक सीझन करू, जुन्या रिपोर्टांतली यादी घेऊ, त्यात आपल्याला दिसेल ते घालू, झालं काम. अमेरिकेतले एकदोन परमिट अर्ज चाळले तर तिथे शिकारी पक्ष्यांची घरटी, हरणांच्या हिवाळ्यातल्या जागा सगळं नकाशावर मांडलेलं. मग नक्की किती आणि काय मोजायचं असतं? आणि समजा तीन रात्री कॅमेरे लावले आणि एखादं जनावर आलंच नाही तर 'आढळत नाही' असं लिहायचं का? प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

पिंगळा
बाळबोध वगैरे काही नाही, दहा रिपोर्ट केलेले लोकसुद्धा इथेच घसरतात. असं बघ, खाण सुरू होऊन पाच वर्षांनी कुणी विचारलं की इथले पक्षी घटले का, तर तुझ्या आजच्या आकड्यांवरून उत्तर देता आलं पाहिजे, 'मोर: दिसला' एवढ्यावरून कोण काय सांगणार? म्हणून यादीपेक्षा तू किती किलोमीटर चाललास, कुठल्या रेषेवर, किती वाजता, किती कॅमेरा-नाइट्स (एक कॅमेरा एक रात्र लावला की एक) झाल्या हे जास्त महत्त्वाचं, म्हणजे पुढे दुसरा कुणी तस्संच करून बघू शकेल. आणि खाणीच्या हद्दीपासून लांब, पण तसाच अधिवास असलेली एक कंट्रोल जागा धरच, तिथेही तीच पद्धत, त्याच दिवसांत. नाहीतर दुष्काळाच्या वर्षी सगळीकडेच आकडे पडतात, मग खाणवाले म्हणणार दुष्काळामुळे, विरोधक म्हणणार खाणीमुळे, आणि दोघांनाही खोडता येत नाही.

आता तुझ्या तीन रात्री. समजा प्राणी तिथे आहे आणि एका रात्रीत कॅमेऱ्यात यायची शक्यता ३० टक्के आहे. मग तीनही रात्री हुकायची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे जवळपास ३४ टक्के! आठ रात्री ठेवलेस तर तीच ६ टक्क्यांच्या आत येते. तेव्हा 'आढळत नाही' लिहू नकोस, 'इतक्या कॅमेरा-नाइट्समध्ये नोंद झाली नाही' असं लिही.

नालाकाठ
अमेरिकेचं विचारलंस म्हणून सांगतो. तिथे १९७७ चा सरफेस मायनिंग कंट्रोल अँड रिक्लमेशन ॲक्ट आहे, त्याखालच्या नियमांत परमिटच्या अर्जात मासे आणि वन्यजीवांची माहिती द्यावीच लागते, नुसत्या खाणीच्या जागेची नाही, लगतच्या भागाचीही. किती खोलात जायचं हे परमिट देणारी यंत्रणा वन्यजीव खात्यांशी बोलून ठरवते. संकटग्रस्त प्रजाती, पाणथळ जागा, शिकारी पक्षी राहतात ते डोंगरकडे, स्थलांतराचे मार्ग, विणीच्या आणि हिवाळ्यातल्या जागा असलं काही असण्याची शक्यता असेल तर त्या जागेचा खास अभ्यास लागतो, म्हणून तुला तो नकाशा दिसला.

पण खरी गोम वेळेत आहे. वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या खाणींपाशी सेज ग्राउस नावाचा पक्षी आहे, त्याचे नर वसंतात भल्या पहाटे ठरलेल्या माळावर जमून नाचतात. तिथे त्या सीझनमध्ये वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा जाऊन नर मोजायचे आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा, आणि तोही वर्षागणिक इतका वरखाली होतो की एका वर्षाच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. गोल्डन ईगलचं तर आणखीच वेगळं, एकाच जोडीची दोन-चार घरटी असतात, यंदा एक वापरेल पुढच्या वर्षी दुसरं, तू रिकामं बघून 'सोडून दिलेलं' लिहिलंस की संपलं. तिकडे पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ ॲपलेशियात इंडियाना वटवाघूळ शोधायला उन्हाळ्यातच, साधारण १५ मे ते १५ ऑगस्ट, जाळी लावतात, कारण ती झाडाच्या सुटलेल्या सालीखाली पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात गुहांमध्ये जातात. हिवाळ्यात त्या झाडांत शोधलंस तर काय सापडणार डोंबल.

गवत्या
जुन्या रिपोर्टातली यादी घेऊ म्हणे 😂 रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या ईआयएत (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अहवालात) रशियातल्या खाणीच्या रिपोर्टातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता, गाजलं होतं ते प्रकरण. सेकंडरी डेटा, म्हणजे दुसऱ्यांनी आधी केलेल्या नोंदी, घ्या, पण प्रत्येक नोंदीसमोर कुठून आणि कुठल्या सालची ते लिहा, आणि स्वतः पाहिलेलं वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकत्र कालवले की रिपोर्टाला काडीची किंमत राहत नाही.

रानवाटसरू
सगळ्यांचे आभार, खूप क्लिअर झालं. पण वर्षभराचं बजेट नाहीच असं स्पष्ट सांगितलंय. एकच सीझन मिळणार असेल तर?

पिंगळा
मग तो सीझन कुणासाठी चांगला आहे हे आधी ठरव. आपल्याकडे ईआयएसाठी सहसा पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा घेतात, आणि बेडूक तर पावसातच ओरडतात, म्हणजे बेडकांची यादी मार्च-एप्रिलमध्ये कितीही पायपीट केलीस तरी लंगडीच राहणार. ऑडिओ रेकॉर्डर ही स्वस्तातली सोय आहे, पावसाच्या तोंडावर डबक्यांपाशी लावून ये, टीमने तिथे राहायची गरज नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मधले प्राणी असतील तर त्यांचा संवर्धन आराखडा द्यावा लागतो, त्यामुळे त्यांच्या खुणा, विष्ठा, पाणवठे यांना पहिला वेळ दे. रात्री नुसतं जीपमधून फिरू नकोस, ज्या नाल्यातून खाणीचं पाणी पुढे जाणार तो पायी उतर.

नालाकाठ
नाल्याचं निघालं म्हणून, पाण्यातले किडे विसरू नको, जवळजवळ सगळेच विसरतात. ॲपलेशियात कोळशासाठी डोंगरमाथे फोडून माती-दगड दऱ्यांत टाकले तिथे खालच्या ओढ्यांत पाण्याची क्षारता वाढली आणि मेफ्लाय नावाचे किडे फटाफट गेले, पाणी वरून स्वच्छ दिसत होतं तरी. तुझ्या नाल्यात खाण सुरू व्हायच्या आधी दगडाखाली काय होतं याची नोंदच नसेल तर नंतर काय गेलं ते कळणार कसं? साधी जाळी पुरते, खाणीच्या वरच्या बाजूला दोन जागा, खालच्या बाजूला तीन, प्रत्येक ठिकाणी तेवढाच वेळ दगड उलटायचे, आणि सोबत कंडक्टिव्हिटी मीटरचं रीडिंग घ्यायचं, त्यावरून क्षारतेचा अंदाज येतो. हे बिनपावसाळी सीझनमध्ये उलट सोपं जातं.

गवत्या
आणि जे झालं नाही ते 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून पहिल्या पाच पानांत टाक, शेवटी नको. सिनियर काढायला सांगतील, तेव्हा म्हण की सुनावणीत कुणी विचारलं तर उत्तर त्यांनीच द्यायचंय.