आधी ल पुई, मग सांतियागो? (घरच्या ग्रुपवर)

आत्या: हे फॉरवर्ड नाही, नीट वाचा. मे-जूनमध्ये मी आणि माझी शाळेतली मैत्रीण स्पेनची वाट, म्हणजे सांतियागोची ख्रिस्ती पदयात्रा, चालणार हे तर ठरलंच आहे. फ्रान्सच्या सीमेवरच्या सँ-जाँपासून सांतियागोपर्यंत, साधारण ७८० किलोमीटर. आता तिचं म्हणणं, त्याआधी फ्रान्समध्ये ल पुई ते काँक चालून घेऊ. २०० च्या आसपास आहे. पाय मोकळे होतील. छकुली, तू चालली आहेस ना तिथे?

बंडूकाका: ताई, पाय मोकळे करायला २०० किलोमीटर? आळंदी ते पंढरपूर २५० होतं. त्याला आम्ही वारी म्हणतो, वॉर्म-अप नाही.

आत्या: बंड्या, तू गेल्या वर्षी सासवडला एसटीत बसलास.

बंडूकाका: गुडघा होता.

छकुली (ल्यों): आत्या, जरूर जा. पण सरावाला म्हणून जाऊ नकोस, तिथेच फसशील. मी फसले. ल पुईला सकाळी सातची प्रार्थना झाली, कॅथेड्रलच्या पायऱ्या उतरले आणि उत्साहात पहिल्याच दिवशी सँ-प्रिव्हापर्यंत २४ किलोमीटर मारले. दुसऱ्या दिवशी मोनिस्त्रोलचा उतार. दगडधोंड्यांतून थेट आलिए नदीपर्यंत खाली, आणि नदी ओलांडली की सोगकडे तेवढंच वर. पुढे ओब्राकचं पठार १३०० मीटरवर, मे महिन्यातसुद्धा बोचरा वारा. आणि पठार संपलं की सँ-शेलीपर्यंत आठ किलोमीटरमध्ये ५०० मीटर उतार. चढाला दम लागतो, पण थांबलं की उतरतो. उतार गुडघ्यात मुक्कामाला येतो.

दादा: मग पर्याय काय?

छकुली (ल्यों): दिवस वाढवा. लोक दहा दिवसांत करतात, तुम्ही तेरा-चौदा घ्या. पहिला मुक्काम माँबोनेला, सोळाएक किलोमीटरवर. दुसरा मोनिस्त्रोल. तिसऱ्या दिवशी सोग आणि दुपारी झोप. तिथे गावात जेव्होदाँच्या श्वापदाचं म्युझियम आहे. १७६४ ते १७६७ या भागात माणसं मारत होतं ते. झोप झाली तर बघा.

काकू: अगं बाई. आता काही नाही ना तिथे?

छकुली (ल्यों): आता गाई आहेत काकू, मोठ्या शिंगांच्या. मेअखेरीस वर पठारावर चरायला आणतात.

दादा: ताई, व्हिसाचं ऐक. फ्रान्सला आधी उतरणार म्हणून फ्रान्सकडे अर्ज करू नकोस. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे करायचा. तुझे स्पेनमध्ये चाळीसेक होतील, म्हणजे स्पेन. दोन्ही मिळून १८० दिवसांतले ९० चालतात, तू त्यात आरामात बसतेस.

आत्या: खाण्याचं सांग. मैत्रीण अंडंही खात नाही.

छकुली (ल्यों): हा खरा प्रश्न. ल पुईचे हिरवे मसूर प्रसिद्ध, पण हॉटेलात बऱ्याचदा डुकराचे तुकडे घालूनच शिजवतात. रात्री झीतमध्ये (म्हणजे आपली धर्मशाळा समजा, पण पैसे देऊन) सगळे एका टेबलावर जेवतात, एकच मेनू. म्हणून बुकिंग करतानाच सांगायचं, ‘सां व्यांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नको, आणि अंडं नको हेही वेगळं सांगायचं. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर ताटात ऑम्लेट येतं. ओब्राकमध्ये आलिगो मिळतं, बटाटा आणि ताजं चीज घोटून घोटून तार येईपर्यंत. मी तीन वेळा घेतलं. फक्त चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ते मैत्रिणीला सांगायचं की नाही ते तू ठरव.

आत्या: सांगेन. नंतर कळलं तर काँकपर्यंत बोलणार नाही माझ्याशी.

छकुली (ल्यों): आणि दुकानं दुपारी बंद, काही गावांत सोमवारी बेकरीही बंद. पिशवीत नेहमी एक पाव असू दे. मेमध्ये १ आणि ८ तारखेला सुट्टी असते, फ्रेंच लोक जोडून रजा घेऊन चालायला येतात आणि पहिल्या तीन मुक्कामांच्या खाटा भरतात. शनिवार-रविवारी निघू नका, बुधवारी निघा.

बंडूकाका: सामान पाठीवर? आमच्या दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकून बसलेला असतो.

छकुली (ल्यों): काका, तिथेही सोय आहे. सकाळी बॅग दारात ठेवायची, व्हॅन पुढच्या मुक्कामाला पोचवते. पैसे भरून.

बंडूकाका: मग वारीच झाली की.

आत्या: मी पाठीवरच घेणार. माझ्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे सहा किलो. स्पेनलाही तेच न्यायचंय, तर आत्ताच कळू दे.

दादा: काँकहून सँ-जाँला कसं जायचं?

छकुली (ल्यों): काँकला रेल्वे नाही. त्याच व्हॅन माणसंही नेतात, आधी सांगावं लागतं. नाहीतर आणखी दोन-तीन दिवस चालून फिजाक गाठायचं, तिथे स्टेशन आहे. शेवटी बायोनहून छोटी गाडी सँ-जाँला जाते. पण काँकमध्ये एक पूर्ण दिवस काहीही न करता राहा. चर्चच्या दारावर अंतिम न्यायाचं शिल्प आहे, शंभरावर आकृत्या. स्वर्गातले सगळे रांगेत, शांत. नरकाची बाजू बघायला जास्त मजा येते.

आत्या: ठरलं. चौदा दिवस, निघायचं बुधवारी, फिजाकचं काँकला पोचल्यावर बघू. उद्यापासून सिंहगड, पण चढायला नाही. वर गाडीने जाणार आणि पायी उतरणार.

काकू: ते हिरवे मसूर दोन किलो आणशील का गं?

आत्या: सहा किलो ठरलंय म्हटलं ना. छकुली दिवाळीला येताना आणेल.