९० ला ९ जोड्या कशा?

श्रुती: दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून ८८ आणि ९२ प्रत्येकी ४ प्रकारे मांडता येतात. मधल्या ९० ला एकदम ९ जोड्या! मोजणीत गडबड आहे का?

मेधाताई: मोजणी बरोबर आहे. ७+८३ पासून ४३+४७ पर्यंत ९ च. खरी भानगड ३ ची. ९० ला ३ ने भाग जातो, म्हणून एका संख्येला भाग जात नसेल तर उरलेलीलाही जात नाही. ८८ ला बाकी १. पहिलीची बाकी १ असली की दुसरी ३ च्या पाढ्यात जाते आणि निम्मे उमेदवार तिथेच बाद. ८८ च्या जोड्या बघ: ५+८३, १७+७१, २९+५९, ४१+४७. आठही संख्यांची बाकी २.

निखिल: ९२ मध्ये ३+८९ चालतं की.

मेधाताई: ३ स्वतः मूळ आहे, तेवढीच सूट 🙂 उरलेल्या तिन्ही जोड्यांत सगळीकडे बाकी १.

सुहासकाका: फरकाचंही तसंच. १०० च्या आत २ च्या फरकाच्या जोड्या ८, ६ च्या १५. जवळपास दुप्पट. हार्डी-लिटलवुड या गणितज्ञांचा १९२३ चा अंदाजही दुपटीचाच, पण सिद्ध झालेला नाही.

निखिल: काका, माझ्या प्रोग्रॅममध्ये ६ चे ७ च येतात.

सुहासकाका: तू लागोपाठच्या मूळ संख्या घेतल्यास. ५ आणि ११ मध्ये ७ आहे, ती जोडी गळते. लागोपाठची अंतरं क्रमानेही येत नाहीत. १४ चं अंतर ११३–१२७ ला येतं, १० चं त्यानंतर १३९–१४९ ला. १६ साठी थेट १८३१ गाठावं लागतं.

श्रुती: प्रत्येक सम अंतर कधी ना कधी येतंच का?

सुहासकाका: पोलिन्याक या फ्रेंच गणितज्ञाने १८४९ मध्ये म्हटलं की प्रत्येक अनंत वेळा येतं. एकाही ठरावीक सम संख्येसाठी ते सिद्ध नाही. २०१३ मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी दाखवलं की ७ कोटींच्या आतलं कुठलं तरी अंतर अनंत वेळा येतं. पुढे ती मर्यादा २४६ वर आली. नेमकं कुठलं, ते कळलेलं नाही.

मेधाताई: बेरजेचं गोल्डबाखचं अनुमान १७४२ चं: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. ४ × १०^१८ पर्यंत तपासलंय, सिद्धता नाही. निखिल, बेरजेच्या जोड्या मोजताना लूप निम्म्यावरच थांबव, नाहीतर ९० ला १८ दाखवेल. आणि निम्मी संख्या धरायला विसरू नकोस, ३४ ची १७+१७ सुटेल.

निखिल: सुटतच होती 😄 बदलतो.