सी ड्राइव्ह लाल झाला, पीसी रडून राहिला... फुकटचं किंवा स्वस्तातलं काही सांगा ना

खडूवाला:
नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला घरीच दहावीचे क्लास घेतो. त्यासाठी एक जुना डेस्कटॉप आहे, आय-थ्री चौथ्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. पेपर, नोट्स, पोरांचे फॉर्म सगळं त्याच्यावरच. दोन महिन्यांपासून असा स्लो झाला की बटण दाबून मी खाली जाऊन दूध घेऊन येतो तरी तो गोल फिरूनच राहिलेला असतो. सी ड्राइव्हची पट्टी पार लाल, म्हणजे जागा संपत आली. बर्डीवर एका दुकानात नेला, त्यानं दहा मिनिटं पाहिला अन् म्हणे सर तुमची रजिस्ट्री खराब झाली, हा क्लीनर टाकून घ्या, वर्षाचे अठराशे. मी म्हटलं विचारून सांगतो आणि परत घेऊन आलो. फुकटात काही होते का? आणि जुनी फाइल शोधायला एखादं बरं सॉफ्टवेअर सांगा, कारण "पेपर फायनल", "पेपर फायनल नवीन", "पेपर खरा फायनल" अशा फाइलींनी डोकं फिरलं आहे.

तर्रीवाला:
अठराशे वाचले तुमचे सर, त्याची तर्री-पोहा पार्टी द्या. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची यादी, ती साफ करून पीसी फास्ट होत नाही, फार तर काही केबी वाचतात, आणि चुकीची एखादी नोंद उडाली तर चालू असलेलं सॉफ्टवेअर बंद पडते ते वेगळंच. मायक्रोसॉफ्टवालेच असले क्लीनर वापरू नका म्हणतात.

जागा कुठे गेली ते पाहायला विझट्री टाका. बाकीचे प्रोग्राम एकेक फोल्डर उघडून मोजत बसतात, हा तसं करत नाही. एनटीएफएस ड्राइव्हवर, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या ड्राइव्हवर, सगळ्या फाइलींची नावं अन् साइज लिहिलेली एक वहीच असते, एमएफटी म्हणतात तिला, हा सरळ ती वही वाचतो, म्हणून १ टीबीचा हिशोब मिनिटाच्या आत समोर. मोठी फाइल म्हणजे मोठा चौकोन, बस. घरच्या वापराला फुकट आहे, धंद्यासाठी लायसन मागतात, तुमचा क्लास आहे तर विनडिरस्टॅट घ्या, तो पूर्ण ओपन सोर्स, म्हणजे धंद्यालाही फुकट, थोडा हळू चालते.

फाइल शोधायला एव्हरीथिंग. तोही तीच वही वाचून ठेवतो. "पेपर" टाइप करेपर्यंत तुमचे सगळे फायनल एका खाली एक हजर, तारखेनं लावून घ्या. मराठीत नाव दिलेली फाइलही सापडते.

फुल्लव्हर्जन:
काहून एवढा त्रास, माझ्याकडे पेड क्लीनर क्रॅकसकट आहे, म्हणजे लायसन तोडलेला, फाइली दाबून आरएआर बनवायचं विनरार पण फुल आहे, लिंक पाहिजे तर मेसेज करा

संत्रीवाडी:
नको रे बाप्पा. विनरारचा ट्रायल ४० दिवसांचा, त्यानंतरही तो नुसता खिडकी दाखवून आठवण करत राहते, त्याला कोण क्रॅक करते बे. आणि सेव्हन-झिप १९९९ पासून फुकट आहे, आरएआर फाइल उघडून देते. क्रॅकसोबत पोरांच्या आधारचे स्कॅन कुठे जातील सांगता येत नाही. सर, डाउनलोड करताना पण सांभाळा, पानावर जे सगळ्यात मोठं हिरवं डाउनलोडचं बटण असते ते बहुतेक वेळा जाहिरातच असते, खरं बटण बिचारं कोपऱ्यात बारीक अक्षरात असते.

फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत करायचा असेल तर इरफानव्ह्यू, जेपीजी सेव्ह करताना साइज केबीमध्ये टाकता येते, त्याचं प्लगइन मात्र वेगळं टाकावं लागते. पीडीएफ वाचायला सुमात्रा पीडीएफ, ४ जीबी रॅमवर तोच परवडते.

बाईसाहेब_आयटीवाल्या:
मला एक सांगा सर, कोणी विचारलंच नाही अजून. सी ड्राइव्ह भरला म्हणून पीसी थोडा हळू होईल, पण दूध आणेपर्यंत? टास्क मॅनेजर उघडा, काहीच चालू नसताना डिस्क १०० टक्के दाखवते का पाहा. आणि आजच्या आज क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवते, फुकट आहे. कार्टूनवाली मुलगी असलेलं व्हर्जन दिसलं तर घाबरू नका, तेही असलीच आहे, साधं पाहिजे तर स्टँडर्ड घ्या. डाव्या बाजूला निळं "गुड" आहे की पिवळं "कॉशन" ते सांगा. तोवर काही डिलीट करू नका, डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवरच्या फाइली परत रचणं, तर अजिबात नको.

खडूवाला:
विनडिरस्टॅट चालवला. १४२ जीबी लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन क्लासचं रेकॉर्डिंग निघालं, त्यात अर्ध्यात तर मी फक्त "आवाज येऊन राहिला का" एवढंच विचारतो. ते उडवणार होतो, पण ताईंचं वाचून थांबलो. क्रिस्टलमध्ये पिवळं आहे. दोन ओळींपुढे पिवळा गोल, ०५ च्या पुढे शेवटी ३८ लिहिलं आहे, सी५ च्या पुढे १०. कमीच आहे ना? डिस्क १०० टक्केच दाखवते, हाव.

बाईसाहेब_आयटीवाल्या:
तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबात असतो सर, सेटिंग न बदलता तसाच दिसते. ३८ म्हणजे ५६, आणि १० म्हणजे १६. ०५ म्हणजे खराब झालेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे बारीक कप्पे), ज्यांच्या जागी डिस्कनं राखीव सेक्टर लावून घेतले. सी५ जास्त वाईट, ते सेक्टर आत्ता वाचताच येऊन नाही राहिले. डिस्क एकाच जागी परत परत डोकं आपटते, म्हणून तुमचं दूध आणून होते. डिस्क जाऊन राहिली आहे. कधी जाईल सांगता येत नाही, दोन वर्षं चालेल नाहीतर शनिवारी पेपर काढताना जाईल.

आता क्रम असा ठेवा. बाहेरच्या हार्डडिस्कवर आधी पेपर-नोट्स, मग फॉर्म, रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. साधं कॉपी-पेस्ट खराब सेक्टरवर अडकते. विंडोजमध्येच रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड आहे, वेगळं टाकायची गरज नाही, पण तो एक फाइल वाचता आली नाही तर आपोआप १० लाख वेळा प्रयत्न करते अन् दर वेळी ३० सेकंद थांबते, पुढच्या बॅचची दहावी होऊन जाईल. म्हणून कमांडच्या शेवटी स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ लिहा, अक्षरं इंग्रजीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पेपर असतील तर विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही उचला, नाहीतर नव्या विंडोजवर सगळे पेपर किडेमकोडे दिसतील.

तर्रीवाला:
माझं चुकलंच, मी पट्टीच पाहिली. नंतर हार्डडिस्कच्या जागी २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे न फिरणारी फास्ट डिस्क, लावा सर, त्या अठराशेत अजून काही टाकून. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या जनरेशनवर ११ अधिकृतपणे चालत नाही. इंटरनेटसाठी विंडोजऐवजी फुकटची सिस्टीम लिनक्स मिंट, तिचं हलकं एक्सएफसीई व्हर्जन घ्या, रूफस नावाच्या फुकट प्रोग्रामनं पेनड्राइव्ह बनवून बसते. फॉन्टवाल्या पेपरसाठी विंडोज बाजूला ठेवा, नेटशिवाय. नवे पेपर युनिकोडमध्येच करा, ते कोणत्याही पीसीवर वेगळ्या फॉन्टशिवाय दिसतात, विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे.

संत्रीवाडी:
एक विचारू का, पीसीसमोर डेझर्ट कूलर आहे का? मे महिन्यात आमच्याकडे कूलरची ओली हवा सरळ कॅबिनेटवर मारत होते, आत ब्रशनं झाडलं तर धूळ नाही, चिखल निघाला.

खडूवाला:
आहे, खिडकीचा कूलर, अगदी समोर. 🙏 टेबल सरकवला. भाच्याची हार्डडिस्क आणली, रोबोकॉपी लावला आहे. पेपर-नोट्स सगळे आले, तीन फाइली फेल दाखवल्या, तिन्ही "पेपर फायनल", खरा फायनल वाचला. आता फॉर्मचं फोल्डर चालू आहे, मध्येच टक टक आवाज येते डिस्कमधून, मी खुर्ची घेऊन बाजूलाच बसलो आहे.