मीटर बसणारच असतील, तर पाण्याचे टप्पे माणशी पाडा

जुळे सोलापूरकर:
सोलापुरात नळांना मीटर बसणार म्हणतात, म्हणून लिहितोय. काल आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. पहाटे चावीवाल्यानं व्हॉल्व्ह खोलला आणि अर्ध्या तासात समोरच्या बंगल्याची टाकी भरून वाहायला लागली. मालक बाहेरगावी, मोटार चालूच. पाणी जिन्यावरून, अंगणातून थेट गटारीत. त्याच वेळी मागच्या गल्लीत एक मावशी नळाच्या बारीक धारेखाली घागर तिरकी धरून बसल्या होत्या. दोघांचा नळ अर्ध्या इंची, वर्षाची पाणीपट्टी तीच. ओतून देणाऱ्याला एक रुपया जादा नाही आणि जपून वापरणाऱ्याला एक रुपया सूट नाही.

लाईट बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, पुढं ३०० पर्यंत दुसरा, हे आपण मुकाट भरतो. मग पाण्याला का नको? शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण धरतात. पाच माणसांचं घर धरलं तर महिन्याला साधारण २० हजार लिटर. माझं म्हणणं असं: माणशी पहिले ५० लिटर अगदी नाममात्र दरात, कारण ते पिणं, रांधणं, अंघोळ, संडास एवढंच आहे. तिथून १३५ पर्यंत खर्चाला पुरेल असा दर. त्याच्या वर मात्र तिप्पट लावा, गाड्या धुणारा भरेल.

एक काळजी घ्यायची. दिल्लीत महिना २० हजार लिटरपर्यंत पाणी फुकट केलं, पण हद्द ओलांडली की सगळ्या पाण्याचं बिल. शेवटची एक बादली जास्त झाली म्हणून आधीच्या सगळ्या बादल्यांचे पैसे भरायचे, हा न्याय नाही. जादा दर फक्त जादा पाण्यालाच हवा.

पूर्व भागातली:
दादा, हिशेब चांगला मांडलात, पण तुमचं घर पाच माणसांचं आहे. आमच्या वाड्यात एक नळ आणि तीन बिऱ्हाडं, मिळून चौदा माणसं. आम्ही दोघी जावा विड्या वळतो, बाकीचे यंत्रमागावर. चौदा जणांनी तुमच्या त्या १३५ नं पाणी वापरलं, तरी महिन्याला ५६ हजार लिटरच्या वर जातं. मीटर नळाला बसणार, माणसाला नाही. म्हणजे कागदावर आम्ही चैनी ठरणार आणि नवरा-बायको दोघंच राहतात तो बंगला काटकसरी. माणशी म्हणालात, पण माणसं मोजणार कोण? रेशनकार्डावर म्हणाल, तर भाडेकरूंची कार्डं गावाकडं असतात.

जुना फिटर:
मी नळजोडणीत तीस वर्षं घालवली. आधी एक तांत्रिक गोष्ट ऐका, मग दर ठरवा. चार दिवस रिकामी पडलेली पाईप भरताना आधी हवा येते. फुस्स आवाज करत ती मीटरमधून जाते आणि मीटरची चकती गरागरा फिरते. बादलीत थेंब नसतो आणि आकडा पुढं गेलेला. त्यात निम्मी गल्ली नळाला मोटार लावून ओढते, त्यांच्या पुढच्या घरात पाण्याऐवजी हवाच. अशा ठिकाणी टप्प्याचा दर म्हणजे हवेवर कर. रोज ठरल्या वेळी, दाबानं पाणी द्या, मग मीटर बसवा. आणि घरोघरी मीटर बसवण्याआधी पालिकेच्या प्रत्येक टाकीखाली मोठा मीटर बसवा. पाणी घरापर्यंत येईस्तोवर किती मुरतं ते आधी महापालिकेला दिसू द्या.

भीमाकाठचा:
फिटरकाकांना हजारदा अनुमोदन. मी मुळात विरोधातच आहे. आकडा बघा. शहर २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं होतं, आता १२ लाख धरा. माणशी १३५ लिटर दिलं तरी वर्षाला जेमतेम २ टीएमसी (अब्ज घनफूट) लागतं. भीमेकाठी टाकळीला शहराचा पंप, त्याच्यासाठी उजनी धरणातून नदीत पाणी सोडत आलेत, ते एका आवर्तनातच (एकदा सोडलं की) याहून जास्त असायचं. वाटेत वाळू पिते, ऊन पितं, काठावरच्या मोटारी पितात (माझीही त्यात होती, खोटं का बोलू). एवढी गळती डोळ्यांसमोर असताना तुम्ही बाईच्या घागरीवर टप्पे पाडणार? आणि ज्याला दर परवडणार नाही तो बोअर मारेल. नळाचं वाचेल, जमिनीखालचं आटेल.

जुळे सोलापूरकर:
फिटरकाका, हवेचं म्हणणं शंभर टक्के पटलं. एअर व्हॉल्व्ह (पाईपमधली हवा बाहेर सोडणारी झडप) नसतील तिथं मीटरवर बिल काढूच नये, हे मी मूळ मांडणीत घालायला हवं होतं. पण ‘रोज पाणी येईल तेव्हा’ म्हणत बसलो तर आणखी वीस वर्षं जातील. सुरुवात मोठ्या जोडण्यांपासून, बंगल्यांपासून करा. पहिलं वर्ष नुसतं कागदी बिल द्या, पैसे जुन्याच पट्टीनं घ्या. लोकांना आपला आकडा तरी कळेल.

भीमाकाठचे भाऊ, नदीतली नासाडी मोठी आहे, मान्य. त्यासाठीच पाणी नदीऐवजी जलवाहिनीतून आणायला हवं. पण २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापराचं पाणी संपून मृतसाठाही निम्म्याहून जास्त उपसला होता. अशा धरणातून पंपानं उचललेलं, शुद्ध केलेलं, शंभर-एक किलोमीटर वाहून आणलेलं पाणी माझ्यासमोर गटारीत जात असेल, तर ‘नदीत याहून जास्त जातं’ असं म्हणून मला गप्प बसवत नाही. बोअरचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

ताई, तुमचा मुद्दा सगळ्यांत अवघड. दक्षिण आफ्रिकेनं २००१ पासून दर घराला महिना ६ हजार लिटर मोफत द्यायचं ठरवलं. हिशेब होता आठ माणसांचं घर, माणशी २५ लिटर. एका आवारात तीन कुटुंबं असली की तो हिशेब तिथंच मोडतो. तुमच्या वाड्यासारखंच. म्हणून निदान असं तरी करता येईल: एका नळावर जितक्या चुली, तितक्या पट टप्पा मोठा. तीन चुली असतील तर स्वस्त पाणीही तिप्पट. पुरावा म्हणून गॅसचं पुस्तक धरावं.

पूर्व भागातली:
चुलीवर मोजा, हे पटलं. पण आमच्या तीन बिऱ्हाडांत गॅसचं पुस्तक एकच आहे, तेही घरमालकाच्या नावावर. आणि वर्षाची पट्टी वाटून घेताना तो आमच्याकडून आत्ताच जास्त घेतो. उद्या मीटरचं बिल त्याच्या हातात आलं, तर आमच्या वाटणीचा आकडा आम्हाला कोण दाखवणार?