सई धनबादला जाणार का? (आमच्या 'गोतावळा' ग्रुपवर, जुलै २०२५ मधल्या एका रात्री. सई म्हणजे चंद्रपूरच्या राजूकाका-वैशूकाकूंची मुलगी, श्रुती पुण्याच्या सतीशकाकांची, नाना म्हणजे आजोबा, आणि 'बाबा' नावाने लिहिणारे माझे बाबा.)

मीनाआत्या: राजू, हे मी काय ऐकून राहिली? सई कोळशाच्या खाणीत जाते म्हणे धनबादले? समोरच्या वहिनींनी सांगितलं भाजी घेता घेता. घरच्या माणसाले सगळ्यात शेवटी कळते. चांगलं आहे.

मीनाआत्या: अन् नुसते 🙏 टाकून पळू नका कोणी.

राजूकाका: मीना, अजून ठरलंच नाही, म्हणून टाकलं नाही ग्रुपवर. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटी प्रवेशाच्या, पाचव्या राऊंडपर्यंत तेच आहे. आयआयटी धनबाद, मायनिंग इंजिनिअरिंग. सोडायची असेल तर उद्या संध्याकाळी ५ पर्यंत विथड्रॉ करावं लागेल.

बाबा: अभिनंदन सई बेटा!! आयआयटी!! 💐💐💐

बाबा: [फॉरवर्ड केलेला] शासन निर्णय, ८ जुलै २०२४. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा.

सतीशकाका: अभिनंदन सई. राजूदादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. आयआयटी हे नाव झालं, पण मायनिंग करून मुलगी पुढे काय करणार? इथे पुण्यात खासगी विद्यापीठात तिला कॉम्प्युटर सायन्स मिळालंय. वीस हजार भरून सीट अडवलेली आहे. राहायला आमचं घर आहे. अजून काय पाहिजे?

वैशूकाकू: भाऊजी, त्या विद्यापीठाची फी वर्षाला पाच लाख आहे. चार वर्षांचे वीस.

सतीशकाका: वहिनी, त्यासाठी लोन असतं. ही इन्व्हेस्टमेंट आहे.

मीनाआत्या: हो नं. १९९४ मध्ये नानांचा पीएफ निघाला होता एका डोनेशनसाठी. तेव्हापासून आम्ही इन्व्हेस्टमेंट ओळखतो.

(यानंतर बराच वेळ 'सतीशकाका टायपिंग' दिसत होतं आणि जात होतं.)

सतीशकाका: मीनाताई, तो विषय इथे नको.

मीनाआत्या: मी काही बोलली का? 🙏

मी: काकू, जरा घोळ होतोय. धनबाद हातात आहे. पुण्याचं खासगी विद्यापीठ पैसे भरले की हातात. तिसरा पर्याय पुण्याचंच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी. त्याचं मात्र काहीच खरं नाही, राज्याच्या सीईटीच्या कॅपचा, म्हणजे प्रवेश फेऱ्यांचा, पहिला राऊंडसुद्धा लागलेला नाही. म्हणजे सीओईपीसाठी धनबाद उद्या सोडायचं तर अंदाजावर सोडायचं.

बाबा: पण मुलींना फी माफ आहे नं? वर जीआर टाकला आहे.

मी: बाबा, तो राज्याचा जीआर आहे, धनबाद झारखंडमध्ये येतं. तो लागतो ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीच्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, आणि प्रवेश कॅपमधून झाला तर. राजूकाकांचं उत्पन्न त्याच्या वर आहे.

बाबा: बरं.

श्रुती: धनबादला फी किती आहे काका?

राजूकाका: ट्यूशन सेमिस्टरला एक लाख. हॉस्टेल-मेस वेगळं. आयआयटीतही माफी आहे, पण पाच लाखांच्या आतल्यांना. आम्ही कुठल्याच चाळणीत बसत नाही. श्रीमंतही नाही अन् गरीबही नाही.

मीनाआत्या: व्हीएनआयटी काहून नाही मग? नागपूर चंद्रपूरहून तीन तासांवर. पोरगी शनिवारी घरी आली असती, डबा घेऊन गेली असती.

राजूकाका: व्हीएनआयटीतही मायनिंगच बसत होतं तिला. मायनिंगच करायचं तर धनबाद का नको, असं तिचं म्हणणं. यादी तिनेच लावली होती.

मीनाआत्या: डबा तरी मिळाला असता.

सतीशकाका: तेच म्हणतोय मी. आणि एक बोलू का, ही सीट तशी मुलींच्या कोट्यातली आहे. जनरलमधून बसली नसती. म्हणजे फार हुरळून जाण्यासारखं

सतीशकाका: *काही नाही

वैशूकाकू: भाऊजी, वाक्य पूर्ण करा.

सतीशकाका: वहिनी, माझा तसा उद्देश नव्हता.

वैशूकाकू: दोन वर्षं ती पोरगी पहाटे साडेचारला उठली आहे. दाराच्या मागे चिकटवलेले फॉर्म्युले अजून निघत नाहीत, भिंतीचा रंग घेऊन येतात. कोटा म्हणे.

मी: काका, त्या सीट जास्तीच्या असतात. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी वेगळ्या वाढवल्या, कोणत्याही मुलाची सीट त्यात जात नाही. जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षा तर सगळ्यांना तीच द्यावी लागते.

श्रुती: बाबा, यावर तुम्ही थोडा वेळ बोलू नका प्लीज. 😐

मीनाआत्या: [व्हिडिओ] हे पाहा. झरिया. धनबादच्या बाजूलाच आहे. जमिनीतून धूर निघून राहिला. शंभर वर्षांपासून आग लागली आहे म्हणे खाली. अशा गावात पोरीले पाठवता?

मी: आत्या, झरियाची आग १९१६ पासून आहे, खरं आहे. पण ती कोळशाच्या पट्ट्यात आहे, कॉलेज धनबाद शहरात आहे. १९२६ चं आहे ते, पुढच्या वर्षी शंभर पूर्ण होतील.

श्रुती: आणि आत्या, २९२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या सावलीत राहून, दोरीवरचे कपडे काळे होतात म्हणून घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकना रोज शिव्या देऊन, आपण धनबादच्या धुराला नावं ठेवायची?

राजूकाका: 😂😂

बाबा: अन् ४७ डिग्री. तेही आपलंच.

मीनाआत्या: हसा. मी बोलली की हसायचंच असते या ग्रुपवर.

बाबा: मीना, तुझं बरोबर आहे. मुलींना फी माफ असताना बाहेर कशाला पाठवायचं?

मी: बाबा 🙏🙏🙏

सतीशकाका: बरं, व्यवहाराचं बोलू. सीओईपीचं काय? श्रुती तिथलीच आहे. १८५४ चं कॉलेज, आता स्वतःचं विद्यापीठ झालंय. ते मिळत असेल तर मी माझा हट्ट सोडतो.

श्रुती: सईची सीईटी चांगली आहे, पण कॉम्प्युटरपर्यंत जात नाही. सिव्हिल किंवा मेटलर्जी मिळेल. मी मेटलर्जी केली. कॉलेज उत्तम होतं, मित्रमैत्रिणी जन्माच्या मिळाल्या. पण मला धातूंमध्ये काडीचा रस नव्हता. दिवसा फर्नेसचा अभ्यास आणि रात्री कोडिंग, असं तीन वर्षं केलं. आज डेटाचं काम करते, म्हणजे बाबांच्या भाषेत 'निभावलं'. सई, नको असलेली ब्रँच भारी कॉलेजात घेतली तरी नको असलेलीच राहते गं.

मी: त्यात यंदा कॅपचे नियम घट्ट केलेत. पहिल्या राऊंडला पहिला पर्याय लागला की ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच सीट पक्की. दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी काहीही लागलं की फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. पूर्वीसारखं नुसतं नाव लिहून बघू, आवडलं नाही तर पुढे जाऊ, हे चालत नाही.

सतीशकाका: मग एक वर्ष ड्रॉप? अजून चांगली रँक काढेल ती.

मी: तोही निर्णय उद्याचाच आहे. शेवटच्या राऊंडच्या आधी सीट सोडली तर पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्ड देता येते. धरून ठेवली तर नाही. सगळं एकाच दिवसावर आणून ठेवलंय.

राजूकाका: ड्रॉप नाही. पुन्हा ते पहाटेचं साडेचार आमच्यानं होणार नाही.

बाबा: धनबादला जाऊन ब्रँच बदलता येते नं? आमच्या ऑफिसातल्या एकाच्या पोरानं बदलली होती. मायनिंगचा कॉम्प्युटर केला.

मी: पूर्वी होत असे. काही आयआयटींनी ते बंदच करून टाकलं. त्या आशेवर सीट घ्यायची नाही, हे मी सईला आधीच सांगितलंय.

मीनाआत्या: नाना कुठे आहेत? नानांना विचारलं का कोणी? आयुष्य गेलं त्यांचं वेकोलिच्या, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत. त्यांची नात अन् त्यांनाच विचारत नाही.

वैशूकाकू: नाना वाचताहेत सगळं. चष्मा लावून बसलेत. मघापासून मोबाईलशी बोलताहेत.

नाना: नाना बोलतो. आवाजानं टाइप करून राहिलो, चुका समजून घ्या. तुम्ही सगळे जेवण, धूर, अन् कोटा यावरच बोलून राहिले. मी ओव्हरमन होतो, म्हणजे खाणीत शिफ्टवर देखरेख करणारा. शिफ्ट सुरू झाली की कॅप लॅम्प घेऊन खाली जायचो अन् लोखंडी सळईनं छत ठोकायचो. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला तर माणसं मागं घ्यायची, मग वरून कोणी काहीही म्हणो. १९७५ ले धनबादजवळ चासनाल्याले खाणीत पाणी घुसलं, पावणेचारशे माणसं गेली. भेव दाखवाले नाही सांगत. खाणीत शेवटी माणसं मागं घ्यायचा हुकूम कोणाचा, यावर सगळं चालते. तो मॅनेजरचा. अन् मॅनेजर व्हाले फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट लागते, डीजीएमएसचं, म्हणजे खाण सुरक्षेच्या सरकारी हापिसाचं. ते हापिसही धनबादलेच आहे.

नाना: आता खरी अडचण सांगतो. त्या सर्टिफिकेटले अंडरग्राउंडचा अनुभव लागते. तो नसला तर रिस्ट्रिक्टेड मिळते, ते फक्त ओपनकास्टले, म्हणजे वरून उघड्या खाणीले चालते. १९५२ च्या कायद्यात बाईले खाली उतरायले बंदी होती. २०१९ ले ती काढली. पण २०१९ च्या त्या परवानगीत अट आहे, सकाळी ६ ते संध्याकाळी ७, अन् एका शिफ्टले कमीत कमी तिघी पाहिजेत. आता मले सांगा, कोणत्या भूमिगत खाणीत तीन इंजिनिअर बाया आहेत आज? एकटी सई पोस्टिंगले आली तर साहेब काय म्हणेल? वर ऑफिसात बसा मॅडम. बारा वर्षं ड्रॉइंग पाहत बसेल पोरगी. हे विचारा कॉलेजले. डब्याचं काय विचारता?

(यावर लगेच कोणी काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर दिवसभर मी जोसाचे नियम पाठ करून बसलो होतो आणि हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता.)

मीनाआत्या: पाहा. मी म्हणत होती.

श्रुती: आत्या, तुम्ही डबा म्हणत होता.

मी: नाना, पण सुरुवात झाली आहे. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी सेंट्रल कोलफील्ड्सच्या चुरीच्या भूमिगत खाणीत रुजू झाल्या. आणि नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मांना तर मायनिंगला प्रवेश मिळावा म्हणून कोर्टात जावं लागलं होतं, तेही नव्वदच्या दशकात.

नाना: माहीत आहे. एकदोघींची बातमी होते. मी तिघींचं विचारलं.

बाबा: [फॉरवर्ड केलेला] शासन निर्णय, ८ जुलै २०२४. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के

श्रुती: ॲडमिन कोण आहे या ग्रुपचा?

वैशूकाकू: तेच आहेत.

सई: मी सगळं वाचलं. आत्या, सॉरी, तुला आधी सांगायला हवं होतं, पण बाबा म्हणाले ठरू दे. सतीशकाका, तुमच्या घरी राहायला मला आवडलं असतं, खरंच. पण वीस लाख काढून कॉम्प्युटर नको. बाबांचं घराचं लोन अजून चालू आहे आणि त्याबद्दल ते तुम्हाला सांगत नाहीत.

राजूकाका: सई.

सई: बाबा, सांगू दे. नाना, तुम्ही म्हणता ते मला तिथल्या दोन सिनिअर मुलींनी सांगितलं. ट्रेनिंगला खाली उतरवतात, प्रश्न नंतरचा आहे. त्या म्हणाल्या, कोणत्या कंपन्या मुलींना साइटवर पाठवतात हे दुसऱ्या वर्षापासूनच विचारत राहा, शेवटच्या वर्षी विचारून उपयोग नाही. आणि कोल इंडियाचं नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादन आता ओपनकास्टचं आहे. तिथे रिस्ट्रिक्टेड सर्टिफिकेटवरही मॅनेजर होता येतं. मला खाली जायचंच आहे, पण नाही जमलं तर दार बंद होत नाही.

सई: आणि आयआयटीचा शिक्का मिळवून मग सॉफ्टवेअरला पळायचं असं मी ठरवलेलं नाही. चार वर्षांनी काय वाटेल ते आज नाही सांगता येत. पण यादीत मी सिव्हिल खाली टाकलं होतं आणि मायनिंग वर, ते चुकून नाही.

नाना: ओपनकास्टले ब्लास्टिंग चांगलं शिकून घे. बेंच, म्हणजे खाणीची पायरी, कशी पडते ते पाहत जा. पुस्तकात नसते ते.

सई: हो नाना.

सतीशकाका: ठीक आहे. तिनेच विचार केलाय म्हटल्यावर मी कोण बोलणार. माझी शुभेच्छा.

मीनाआत्या: सतीश, ते वीस हजार परत मिळतात का? राजूले गरज आहे आता.

वैशूकाकू: मीनाताई, ते वीस हजार भाऊजींनी भरले होते. आम्हाला न विचारता. आम्ही द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

मीनाआत्या: हे कोणी बोललं नाही मला.

सतीशकाका: त्यात बोलायचं काय. परतावा मागायचा अर्ज करतो उद्या, मिळाले तर मिळाले.

मीनाआत्या: बरं. मघाशी पीएफचं मी जरा जास्तच बोलली.

सतीशकाका: 👍

राजूकाका: मग सीट ठेवतोय. विथड्रॉ करत नाही. आता कोणी फोन करू नका, जेवायचं राहिलंय.

बाबा: रिझर्व्हेशनचं पाहा आधी. नागपूरहून हावडा गाडी पकडली की झालं, रात्रीत धनबाद.

मी: बाबा, नागपूर–हावडा लाईन टाटानगरवरून जाते. धनबाद त्या लाईनवर येत नाही. कुठे बदलायची ते मी बघतो.

नाना: सई, सेफ्टी शूज घेशील तर एक नंबर मोठे घे. आत जाड मोजे घालावे लागतात. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख पहिल्याच वर्षी गेलं होतं.

मीनाआत्या: सोडायले कोण जाते ते ठरवा आधी. वैशू एकटी कशी जाईल? राजू, माझंही तिकीट काढ. लोअर बर्थ. अन् ते मेसमध्ये काय देतात हे मी स्वतः पाहून येईन.