आळीपाळीने घरोघरी भरणारे वाचन मंडळ टिकवावे कसे?

प्रश्न (खडपाबांध, फोंडा)

नमस्कार. आमच्या वाड्यावरील काही कुटुंबांनी मिळून एक वाचन मंडळ सुरू केले आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचे, आधी ठरवलेल्या मराठी पुस्तकावर मोकळेपणाने बोलायचे आणि निघण्यापूर्वी पुढचे घर व पुढचे पुस्तक ठरवायचे, एवढीच त्याची घडी आहे. वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. ज्या शेजाऱ्यांशी पूर्वी नळाचे पाणी आणि गाडी लावण्याची जागा याखेरीज फारसे बोलणे होत नसे, त्यांच्या मनात काय चालते हे या बैठकांमुळे कळू लागले. म्हणून हे मंडळ मला फार मोलाचे वाटते.

सध्या मात्र यजमानपद घ्यायला लोक कचरू लागले आहेत. आरंभी चहा आणि चिवडा एवढेच असे. आता एका घरी पातळभाजी आणि पाव झाले की पुढच्या घराला त्याहून काही अधिक करावेसे वाटते. ज्यांचे घर दोन खोल्यांचे आहे किंवा ज्यांच्याकडे आजारी माणूस आहे, ते आपला क्रम जवळ आला की काही कारण सांगून तो पुढे ढकलतात आणि मग संकोचाने इतरांकडच्या बैठकीलाही येत नाहीत. घरे सोडून देवळाच्या सभामंडपात कायमची जागा घ्यावी, असे काहींचे म्हणणे आहे. पण घरात बसून बोलण्यात जो जिव्हाळा असतो, तो तेथे येईल असे मला वाटत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. एकाच पुस्तकाच्या पुरेशा प्रती मिळत नाहीत. शिवाय शेजारच्या एका बाईंना मंडळात यायचे आहे. त्या घरी कोकणी बोलतात आणि त्यांचे शिक्षण इंग्रजीतून झाले आहे, त्यामुळे मराठी पुस्तक महिन्याभरात वाचून होईल का, अशी त्यांना धास्ती वाटते. अनुभवी वाचकांनी मार्ग सुचवावा, म्हणून हा प्रश्न येथे मांडते आहे.

उत्तर १ (मडगाव)

ताई, घरोघरीचा क्रम मोडू नका; यजमानावरचे ओझे उतरवा. आमचे मंडळ याच पद्धतीने अनेक वर्षे चालू आहे आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की जागा देणे, खायला करणे, पुस्तक निवडणे आणि चर्चा चालवणे ही चार निरनिराळी कामे आहेत. ती चारही एकाच घराकडे सोपवली, तर अतिशय हौशी माणूससुद्धा वर्षभरात थकतो.

विशेषतः चर्चा चालवणारा यजमान नसावा. यजमानाचे निम्मे लक्ष चहाकडे आणि दाराकडे असते. तो सारखा उठतो आणि बोलण्याचा धागा तुटतो. आमच्याकडे ज्याने पुस्तक सुचवले तोच त्या बैठकीचा सूत्रधार असतो. त्याने दोन-तीन प्रश्न आठवडाभर आधी सर्वांना कळवायचे, बैठकीच्या आरंभी प्रत्येकाकडून पुस्तकातील एक आवडलेली आणि एक न पटलेली गोष्ट काढून घ्यायची आणि जे नेहमीच भरभरून बोलतात त्यांचा क्रम शेवटी ठेवायचा. पुस्तक पुरे न झालेल्यानेही अवश्य यावे, मात्र शेवट सांगू नका, अशी अट त्याने इतरांना घालू नये.

खाण्याचा नियम मंडळाने करावा, तो यजमानाच्या मर्जीवर राहू नये. चहा किंवा कोकम सरबत आणि सोबत एकच कोरडा पदार्थ, तोही बाहेरून आणलेला चालेल, एवढे सर्वांनी मिळून ठरवावे आणि पाळावे. दारी आलेल्या माणसाला नुसत्या चहावर परत पाठवणे आपल्याकडे जिवावर येते, हे मी जाणतो. तरीही आजच्या यजमानाची हौस पुढच्या यजमानाला दडपण ठरते, हे प्रेमाने आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ज्यांना घरी बोलावणे शक्य नाही, त्यांनी इमारतीची गच्ची, देवळाचा सभामंडप किंवा दुसऱ्या एखाद्या सभासदाची ओसरी मागून घ्यावी आणि ती बैठक पूर्णपणे त्यांचीच मानावी. ऐसपैस राजांगण असलेल्या जुन्या घराशी दोन खोल्यांच्या सदनिकेची तुलना कोणाच्याही मनात येऊ नये, यासाठी हे फार गरजेचे आहे.

भजनी सप्ताहात प्रत्येक गटाचा पार, म्हणजे भजनाची पाळी, आधीच ठरलेला असतो, म्हणून मध्यरात्रीही भजनात खंड पडत नाही. त्याप्रमाणे सहा महिन्यांचे वेळापत्रक एकदाच लिहून सर्वांना द्यावे. चवथीच्या महिन्यात बैठक ठेवूच नये, कारण कित्येकजण तेव्हा मूळ घरी गेलेले असतात. पावसाळ्यात चालत जाण्याजोगी घरे निवडावीत आणि जत्रांच्या दिवसांत तारीख पक्की करण्यापूर्वी सभासदांच्या गावच्या जत्रांचे दिवस पाहून घ्यावेत. साडेचारला आरंभ आणि साडेसहाला शेवट, हे मात्र कसोशीने पाळावे. रविवारी गावाकडच्या बस कमी असतात.

उत्तर २ (डिचोली)

मी केवळ प्रतींबद्दल लिहितो. पुस्तक ठरवून मग प्रतींसाठी धावपळ करण्यापेक्षा, उपलब्ध प्रती पाहून पुस्तक ठरवावे. पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याची परंपरा १८३२ सालापर्यंत मागे जाते. त्याखेरीज तालुक्यांच्या ठिकाणीही शासकीय ग्रंथालये आहेत. आपल्यापैकी चार-पाच जणांनी निरनिराळ्या ग्रंथालयांचे सभासदत्व घेतले, तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मिळवणे अवघड जात नाही. एका वाचकाला दहा दिवस असे धरले, तर दोन प्रती दोन महिन्यांत बारा जणांच्या हातून फिरतात. त्यासाठी पुस्तक दोन महिने आधी ठरलेले असले पाहिजे.

१९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा तर अशा मंडळांना वरदानच आहे. प्रत्येक घराने वेगळा अंक घेऊन तो पुढे फिरवावा आणि बैठकीसाठी त्यांतील एखादी कथा व एखादा लेख निवडावा. सबंध पुस्तकाच्या छायाप्रती मात्र काढू नयेत. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. ही मुदत उलटून गेलेल्या जुन्या कथा आपण निःशंकपणे छापून वाटू शकता.

उत्तर ३ (म्हापसा)

मडगावच्या उत्तराशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. चर्चा दुसऱ्याने चालवावी हे मान्य, परंतु पुस्तक सुचवण्याचा मान यजमानाचाच असावा. एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्या आवडीचे पुस्तक समजून घेणे, यातच घरोघरी जाण्याचे सार्थक आहे असे मला वाटते. यजमानाने तीन नावे द्यावीत आणि प्रती व पृष्ठसंख्या पाहून मंडळाने त्यांतील एक निवडावे, म्हणजे कोणावर सक्तीही होत नाही.

शेजारच्या बाईंना अवश्य बोलवा. गोव्यात मराठी वाचणाऱ्या कित्येक घरांत बोलणे कोकणीतच होत असते, तेव्हा त्या बैठकीत कोकणीतून बोलल्या तर कोणाचे काय अडणार आहे? शाळेतील हिंदीमुळे अशा वाचकांना देवनागरी अक्षरे बहुधा परिचित असतात. अडते ते वेगापाशी. म्हणून पहिल्या काही बैठकांसाठी कादंबरी न घेता वीसएक पानांची कथा घ्या आणि तिची आरंभीची पाने बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचा. गोव्यातील अनेक कोकणी कथा-कादंबऱ्या मराठीत आणि इंग्रजीत अनुवादित झाल्या आहेत. वर्षातून एक-दोनदा असे पुस्तक घेतले, तर त्या बाई ते इंग्रजीतून वाचतील, काहीजण मराठीतून वाचतील, आणि मूळ कोकणी जाणणाऱ्या शेजाऱ्यांनाही आमंत्रण देता येईल.

प्रश्नकर्तीचे पुन्हा निवेदन

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. खाण्याचा नियम आणि सहा महिन्यांचे वेळापत्रक येत्या बैठकीतच मांडणार आहे. तीन नावांची सूचनाही सर्वांना आवडेल असे वाटते. एक गोष्ट विचारायची राहिली. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सभासद आजींना जिने चढवत नाहीत आणि पुढच्या दोन बैठका वरच्या मजल्यांवरील घरी आहेत. क्रम बदलला तर त्या घरांना आपल्याला डावलले असे वाटू शकते. काय करावे?

उत्तर १ कडून

क्रम तसाच ठेवा आणि जागा बदला. यजमान तेच राहतील, बैठक मात्र आजींच्या ओसरीवर किंवा तळमजल्यावरील एखाद्या घरी भरेल. आजींना हे मानवेल का, हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एकटे गाठून आधी विचारावे; चारचौघांत विचारले तर त्या नाही म्हणू शकणार नाहीत. चहा यजमानांनी आपल्या घरून थर्मासमध्ये न्यावा आणि प्रत्येकाने आपला कप सोबत आणावा, म्हणजे आजींच्या सुनेला मागाहून भांडी घासत बसावे लागणार नाही.