युक्रेनला जमलं ते मराठवाड्याला जमेल का?

वाळूजकर
२०२२ साली युक्रेनची अर्थव्यवस्था जवळपास २९ टक्क्यांनी आकसली. त्याच वर्षी त्यांची आयटी निर्यात मात्र वाढून ७ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. तयारी आधीपासूनची होती. 'दिया' हे सरकारी ॲप २०२० पासून लोकांच्या फोनवर होतं. युद्ध पेटल्यावर होरपळलेल्या भागातल्या कामगारांना साडेसहा हजार रिव्निया (तिकडचं चलन) मदत त्याच्यामार्फतच गेली, पडक्या घरांची नोंदही तिथेच. सरकारी डेटा क्लाउडवर ठेवायची मुभा देणारा कायदा तर रशियाच्या हल्ल्याच्या आठवडाभर आधी केला.

आपल्याकडे युद्ध नाही, पण दुष्काळ आणि अतिवृष्टी आलटून पालटून आहेच. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं, चांगलंच झालं. पण संगणक शिकलेली पोरं अजून हिंजवडीच गाठतात. संभाजीनगर, नांदेड, लातूरला आयटीसाठी जोर लावायला कुणाची हरकत का असावी?

आडत_लातूर
माझी आहे. हे युद्ध आमच्याकडे तेलाच्या डब्यातून आलं. आपण आयात करतो ते सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेन-रशियाचं. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली आणि किराण्यात डब्याचा भाव रोज नवा. आता गंमत बघा. एके काळी लातूर-धाराशिवकडे सूर्यफूल लई पेरायचे. तेलबिया संशोधन केंद्र लातुरातच आहे. पण आयातीचं तेल स्वस्त पडू लागलं, पाखरं दाणे टिपून नेत, चांगलं बियाणं मिळेना, मग सगळे सोयाबीनकडे वळले. भाव चढला तेव्हा विकायला आपल्याकडे दाणा नव्हता. कोणत्या ॲपनं तो आणला असता?

ई-नाम हा शेतमालाचा सरकारी ऑनलाइन बाजार २०१६ पासून आहे. तरी माणूस आडतीवरच येतो, कारण पेरणीला उचल तिथेच मिळते. (मी स्वतः आडत्या आहे, हे धरून वाचा.)

परभणीची_लेक
आयटी राहू द्या, आमच्या शेतात आधी रेंज आणा. सरकारी ॲपवर पीक नोंदवायला वडील बांधावर फोन उंच धरून उभे असतात. रेंज आली तर सर्व्हर झोपतो. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत तर विचारूच नका.

वाळूजकर
@परभणीची_लेक, तेच सांगतोय. मार्च २०२२ मध्ये तिथे सगळ्या मोबाइल कंपन्यांनी एकमेकांचं नेटवर्क ग्राहकांना खुलं केलं. आपल्या कंपनीची रेंज गेली तर दुसरीची पकडायची. ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पॅसिव्ह फायबर कामाला आलं. त्याला मधल्या वाटेत वीज लागत नाही. कंपनीकडे जनरेटर आणि घरी राउटरपुरती बॅटरी असली की भागतं. लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

गोदाकाठ
तुम्ही २०२२ वर थांबलात. २०२३ मध्ये तीच निर्यात घसरून ६.७ अब्जांवर आली, ते वर्ष सोयीनं गाळलं. आणि पश्चिम युक्रेनमधलं ल्विव्ह शहर आयटीनं भरलं, कारण रशियाच्या सीमेजवळच्या खार्किव्हमधून कंपन्या आणि माणसं पळाली. एका शहराच्या पडझडीवर दुसरं वाढलं, त्याला प्रादेशिक विकास म्हणायचं? मग पुण्याची वाढही आपलीच समजा.

आणखी एक. १२ डिसेंबर २०२३ ला कीव्हस्टार या मोबाइल कंपनीवर सायबर हल्ला झाला. सुमारे २ कोटी ४० लाख ग्राहकांचे फोन मुके. ल्विव्हचे रस्त्यावरचे दिवे त्याच नेटवर्कवरून चालायचे, ते माणसं पाठवून हातानं बंद करावे लागले. सगळं एका खुंटीला टांगलं की असं होतं.

वाळूजकर
वीज नाही, पोरं युद्धाच्या आघाडीवर, तरी निर्यात ६.७ अब्ज. याला तुम्ही अपयश म्हणता? आणि कीव्हस्टार पडलं म्हणून त्यांनी 'दिया' ॲप गुंडाळलं नाही.

आडत_लातूर
अब्ज तिकडचे. इथं खरिपाच्या तोंडाला डीएपी खताची गोणी १३५० ला मिळायची, पण सोबत नको असलेलं खत गळ्यात मारत होते. लिंकिंग म्हणतात त्याला. पॉस मशीनवर अंगठा दिला तरी ते थांबलं नाही.

परभणीची_लेक
पण कुणी किती गोण्या उचलल्या, हे त्या मशीनमुळे निदान नोंदलं जातं. पूर्वी तेही नव्हतं.

आडत_लातूर
नोंद झाली. पुढं? आणि त्या ऑरिकला पाणी कुठलं, जायकवाडीचंच ना? शेतीच्या वाट्यातून?

वाळूजकर
म्हणूनच आयटी म्हणतोय. त्याला धरण लागत नाही.

गोदाकाठ
डेटा सेंटरला लागतं, सर्व्हर थंड ठेवायला.